राखीव गड्यांचा हिशेब

हंगामाच्या तोंडावर एखाद्या संघाविषयी बोलणे निघाले की आपण पहिल्या दोन-चार नावांवरच थांबतो. कबड्डीत ‘चढाईला कोण आहे?’ एवढे विचारले की संघाची किंमत ठरली! अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा हिशेब कसा अपुरा पडतो, ते कॅन्सस सिटी चीफ्स या संघाच्या उदाहरणावरून सांगण्याचा विचार आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. मैदानात दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतात. (मोबाइलवर हा खेळ पाहून आमचे वडील म्हणाले, “अरे, सगळं हातानंच चाललंय, मग फुटबॉल कशाला म्हणायचं?” मी म्हटले, “नाव सोडा हो अण्णा, जमिनीच्या वाटणीसारखं बघा, कोण किती पुढं सरकला ते.” मग त्यांना गोडी लागली.)

रिसीव्हर सगळे सारखे नसतात. एक जण निव्वळ वेगाच्या धाकाने बचाव करणाऱ्यांना मागे रेटतो. दुसरा गर्दीत शिरून छोटे छोटे झेल घेतो. टाइट एंड हा धिप्पाड गडी समोरच्याला अडवतोही आणि झेलतोही. पहिल्याच्या धाकाने बचाव मागे सरकला की दुसऱ्याला मोकळी जागा मिळते. तेव्हा एक माणूस गेला की उरलेल्या सगळ्यांचेच काम बदलते.

मार्च २०२२ मध्ये चीफ्सनी आपला वाऱ्यासारखा पळणारा रिसीव्हर टायरीक हिल मायामी डॉल्फिन्सना देऊन टाकला. आदल्या हंगामात त्याने १११ झेल घेतले होते. बदल्यात नवोदितांच्या निवडीतील पाच संधी पदरात पडल्या. जुजू स्मिथ-शुस्टर व मार्केझ व्हाल्डेस-स्कँटलिंग बाहेरून आले, स्काय मूर नवोदितांतून दुसऱ्या फेरीत मिळाला, मेकोल हार्डमन जुनाच होता. हिलच्या तोडीचा यांत एकही नव्हता.

अशा वेळी यादी वरून वाचावी की खालून? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रवेशयादी तळापासून वर वाचायची सवय मला तेव्हा लागली, ती खेळाच्या यादीलाही लागू पडते. हंगामापूर्वीच्या सरावाला ९० खेळाडू असतात. ऑगस्ट संपता संपता ५३ ठेवायचे. त्यांत रिसीव्हर साधारण पाच-सहा. पहिले तिघे बहुधा ठरलेलेच असतात. खरी झुंज तळाच्या दोन जागांसाठी. तिथे नुसते झेल घेऊन भागत नाही. लाथेने उडवलेल्या चेंडूमागे धावून समोरच्याला लोळवावेही लागते. जे गळतात त्यांतील काहींना सराव पथकात जागा मिळते, बाकीच्यांची नोकरीच जाते. सरावसामन्यातला एक सुटलेला झेल किती महाग पडत असेल, याची कल्पना आपल्यापैकी पुष्कळांना येईल.

चीफ्सच्या तळाची परीक्षा जानेवारी २०२३ मध्ये झाली. सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धच्या सामन्यात स्मिथ-शुस्टर, हार्डमन आणि ऑक्टोबरात संघात आणलेला कडारियस टोनी हे तिघेही दुखापतीने बाहेर पडले. मग व्हाल्डेस-स्कँटलिंगने ६ झेलांत ११६ यार्ड मिळवले आणि सामना २३-२० असा जिंकला. सुपर बोलच्या अंतिम सामन्यात (आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती!) फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध चौथ्या सत्रात टोनी आणि मूर यांनी एकेक टचडाउन केला. मूरचा तर तो व्यावसायिक कारकिर्दीतला पहिलाच. चीफ्स ३८-३५ ने जिंकले.

यावरून ‘मोठा खेळाडू नसला तरी चालते’ असा अर्थ मात्र कोणी काढू नये. टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी याने त्या हंगामात ११० झेल घेतले होते, आणि फेकायला पॅट्रिक माहोम्स होता. हा खांब नसला की राखीव फळीचे काय होते, ते ७ सप्टेंबर २०२३ ला दिसले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे केल्सी बाहेर बसला. टोनीच्या हातून झेल सुटत गेले. एक चेंडू तर त्याच्या हातांना लागून उडाला, तो डेट्रॉइट लायन्सच्या गड्याने पकडला आणि पळत जाऊन टचडाउन केला. सामना २१-२० असा गेला, अवघ्या एका गुणाने. माझ्या मते यादी वाचताना प्रत्येक राखीव गड्यापुढे ‘हा कोणाच्या जोरावर चांगला दिसतो?’ हा प्रश्न लिहून ठेवावा. स्मिथ-शुस्टर तोवर न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला होता आणि हार्डमन न्यूयॉर्क जेट्सकडे.

हार्डमनला चीफ्सनी ऑक्टोबर २०२३ मध्ये परत आणले. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सविरुद्ध जादा वेळेतला निर्णायक झेल त्यानेच घेतला आणि चीफ्स २५-२२ ने जिंकले. ऑगस्टच्या यादीत त्याचे नाव वरूनही नव्हते आणि खालूनही नव्हते.