शनिवार-रविवारचं अर्थशास्त्र

ग्रंथालयात अर्थकारणावरचं पुस्तक मागितलं, की शेअर बाजार, म्युच्युअल फंड आणि 'श्रीमंत कसे व्हाल' छापाची पुस्तकं पुढ्यात येतात. मराठी माणसाच्या पैशाअडक्याची खरी हकीकत मात्र बरीचशी आत्मकथनं, कादंबऱ्या आणि नाटकांच्या कपाटात आहे. म्हणून इथे पुस्तकं जोडीनं सुचवतो. एक व्यवहार समजावणारं, दुसरं त्या व्यवहाराची झळ सोसणाऱ्या घरातलं.

पहिली जोडी 'गावगाडा' आणि 'बलुतं'. त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. १९१५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात वतनं, हक्क, मानपान यांची बारीक नोंद आहे. खळ्यावर रास पडली, की सुतार-लोहारापासून गुरवापर्यंत कोण काय मागतो आणि कुणबी कसा नागवला जातो, हे ते तपशिलानं सांगतात. त्यांची सहानुभूती देणाऱ्याकडे आहे. १९७८ सालच्या 'बलुतं'मध्ये दया पवार तीच देवघेव घेणाऱ्याच्या बाजूनं दाखवतात. महाराच्या कामाला ना वेळ ना मोजमाप, आणि मोबदला मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर. 'गावगाडा' एकटं वाचलं, तर गावाचा हिशेब अर्धाच कळतो.

दुसरी जोडी यंत्राची. शं. वा. किर्लोस्करांच्या 'शंवाकीय'मध्ये किर्लोस्कर परिवाराच्या उद्योगाचा आणि मासिकांचा काळ भेटतो. लोखंडी नांगरानं जमीन नासेल अशी धास्ती घेतलेल्या शेतकऱ्यांना गिऱ्हाईक करणं आणि कुंडलच्या माळावर १९१० साली कारखाना उभारणं, हे या घराण्याचं कर्तृत्व. मात्र उद्योजकांच्या कहाण्या वाचताना मजुरीचा प्रश्न आपणच विचारायचा असतो. 'शंवाकीय'च्या शेजारी रा. रं. बोराडे यांची कादंबरी 'पाचोळा' ठेवावी. मराठवाड्यातल्या शिंप्याचा धंदा बसत जातो, ते त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. स्पर्धा म्हणजे काय, हे इतक्या थोडक्या पानांत क्वचितच कुणी सांगितलं असेल.

तिसरी जोडी शेतीची. बर्नमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेल्या शरद जोशींचं 'अंगारमळा' आणि सदानंद देशमुखांची 'बारोमास'. जोशींचं म्हणणं रोखठोक होतं: शेतमालाला रास्त भाव द्या, भीक नको. शिकूनसवरून नोकरीला पैसे चारता न आल्यानं शेतीत अडकलेला 'बारोमास'मधला एकनाथ पाहिला, की भावाखेरीज कर्ज, पाणी आणि घरातली भांडणंही त्याच हिशेबात येतात.

चौथी जोडी मुंबईची. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपावर बोलणारे पुष्कळ. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या 'कथा मुंबईच्या गिरणगावची'मध्ये खुद्द कामगार आणि तिथले रहिवासी बोलतात. जयंत पवारांचं 'अधांतर' त्याच संपाला धुरी कुटुंबाच्या खोलीत आणतं. एक मुलगा लेखक व्हायला निघालेला, दुसरा गुंडांच्या नादी लागलेला, आणि चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी आईवर.

सवड एकाच सुटीची असेल, तर पहिली जोडी उचला. शनिवारी आत्रे, रविवारी दया पवार. दुसऱ्याच्या श्रमाचा भाव कोण ठरवतो, हा प्रश्न बाकीच्या सहाही पुस्तकांत आहे. आणि त्याची सुरुवात त्या खळ्यावरच झालेली दिसते.