परवाना शहराचा, पाणी पाणलोटाचे



वरच्याने बांध फोडला की खालच्याच्या उसात पाणी साचते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हेच दुखणे शहरांचे आहे. त्यांनी त्यावर काढलेली तोड समजून घेण्याजोगी आहे.

तिथे १९५५ साली पाणलोटाचा कायदा झाला. गावाची शीव न बघता पाणलोटाची हद्द धरून मंडळे नेमायची, असे ठरले. मिनेहाहा ओढ्याचे मंडळ १९६७ सालचे. हा ओढा मिनेटोंका तलावातून निघतो, हॉपकिन्स, सेंट लुईस पार्क, एडिना अशी शहरे ओलांडतो आणि मिनियापोलिसमध्ये मिसिसिपीला मिळतो.

एक एकर छपरावर इंचभर पाऊस पडला तर लाखभर लिटर पाणी धावत सुटते. मुरायला माती कुठे आहे? बरोबर गाळ, तेल, खतही जाते. म्हणून मोठे बांधकाम करणाऱ्याने पाणी आपल्याच जागेत अडवावे, मुरवावे आणि त्यासाठी मंडळाचा परवाना घ्यावा, अशी रीत पडली.

पण शहराचा परवाना वेगळा, मंडळाचा वेगळा, म्हंजे दोन दारी खेटे! १९८२ साली महानगर भागासाठी नवा कायदा आला. शहराने आपला पाणी आराखडा करायचा, मंडळाकडून मंजूर करून घ्यायचा आणि तसे नियम लावायचे. मग परवान्याचे काम शहर आपल्या हाती घेऊ शकते. आराखडा नसेल किंवा अंमल होत नसेल, तर अधिकार मंडळाचाच. आराखड्यातून सूट मागणाऱ्या कामातही मंडळ हात घालू शकते.

ही शेवटची अट का ठेवली? नवी इमारत झाली की शहराला घरपट्टी मिळते, त्यामुळे नियम सैल करण्याचा मोह होणारच. आणि पूर सोसणाऱ्या खालच्या गावाला वरच्या शहरात मत नसते. त्याची बाजू कोणी तरी धरायलाच हवी.

आपल्याकडेही २००५ च्या कायद्याने कालव्याचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे दिले. कारभार दाराशी आला, खेटे वाचले, तर चांगलेच. पण तो हाती घेताना पहिला प्रश्न टेलच्या शेतकऱ्याचा विचारावा: त्याचे पाणी त्याला पोचणार, याची हमी कोण देणार?