टक्का कशावर?

रमजान ईदच्या हंगामात आमच्या ओळखीच्या एका कापड दुकानदाराने ८०० रुपयांना पडलेल्या पंजाबी ड्रेसवर २५ टक्के चढवून १,००० चा भाव लावला. मग '२० टक्के सूट' अशी पाटी टांगली. पाच टक्के तरी सुटतील, असा त्यांचा हिशेब. गर्दी उसळली, माल संपला. गल्ल्यात मात्र भांडवलच परत आले. भाडे, वीजबिल, नोकराचा पगार खिशातून गेला.

२५ टक्के ८०० वर धरले होते, २० टक्के १,००० वर गेले. दोन्ही वेळा रक्कम २००च! गल्ल्यावर बसणारा त्यांचा मुलगा दहावी पास. नफा खरेदीच्या किमतीवर, सूट छापील किमतीवर, हे तो आठवीतच शिकला होता. गुणही मिळाले; वही दुकानात आली नाही, इतकेच.

तो एकटा नाही. २०२३ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले.

आम्ही त्या मुलापुढे कागद ठेवला : २० टक्के सूट देऊनही खरेदीवर १० टक्के नफा हवा, तर भाव काय लिहावा? हाती ८८० यायला हवेत. सूट गेल्यावर शंभरातले ८० उरतात. म्हणून ८८० ला ८० ने भागून १०० ने गुणायचे. उत्तर आले १,१००. वडिलांनी ते दोनदा तपासले आणि बकरी ईदच्या मालाच्या चिठ्ठ्या त्याच्याकडेच लिहायला दिल्या.