वाळवंटातल्या ओट्यावर तीन कुंड्या

रेल्वेत, लष्करात, सीमा सुरक्षा दलात नोकरी करणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या वाट्याला कधी ना कधी राजस्थानची बदली येते. जोधपूर, बिकानेर, बाडमेर, जैसलमेर ही नावे ऐकली की घरात पहिला प्रश्न निघतो तो पाण्याचा आणि दुसरा हिरव्या भाजीचा. जेथे प्यायचे पाणी मोजून वापरायचे, तेथे झाडे कुठली लावायची, असे म्हणून बहुतेकजण हात टेकतात. आमचे म्हणणे असे, की वाळवंटात घरचा मळा फुलणार नाही हे खरे, पण क्वार्टरच्या ओट्यावरील तीन कुंड्यांतून मुलांच्या ताटात मधूनमधून ताजी मेथी, कोथिंबीर आणि मिरची नक्की येईल. त्यासाठी पैसा थोडा लागतो, समज मात्र नीट लागते.

ऋतू ओळखा

जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस पडतो तो २०० मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत जुलैच्या एका महिन्यात त्याहून कितीतरी अधिक पडतो. पश्चिम राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. अशा उन्हात नवी रोपे लावणे म्हणजे बी आणि पाणी दोन्ही वाया घालवणे होय. म्हणून सुरुवात ऑक्टोबरमध्ये करावी. तेथला खरा भाजीचा हंगाम हिवाळ्याचाच. डिसेंबर-जानेवारीत मात्र काही रात्री पारा शून्याजवळ उतरतो. त्या रात्री रोपांवर गोणपाट टाकावे व सकाळी काढावे.

भांडे आणि जागा

पालेभाजीला वीतभर खोल भांडे पुरते, मिरची-टोमॅटोला फूटभर खोल हवे. लहान भांडे लवकर तापते व लवकर सुकते, म्हणून पाच लहान कुंड्यांपेक्षा दोन मोठ्या बऱ्या. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा चालतो, पण पत्रा उन्हात तापून मुळे भाजतात. त्याला बाहेरून चुना लावावा किंवा गोणपाट गुंडाळावे. काळ्या प्लॅस्टिकच्या बादलीलाही हाच उपाय. तळाला तीन-चार भोके पाडून त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत.

कुंड्या घराच्या पूर्व बाजूस ठेवाव्यात. सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी सावली येते. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते व रात्रीपर्यंत धग सोडत राहते. तिच्याजवळ कुंडी नको. एप्रिलपासून वर हिरवी जाळी किंवा जुने सुती लुगडे बांधावे.

माती

नुसत्या वाळूत पाणी थांबत नाही. दोन भाग माती घेतली तर एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळावे. कच्चे शेण घालू नये. त्याने मुळे जळतात आणि वाळवी लागते. मूठभर निंबोळी पेंड मिसळल्यास वाळवीला आळा बसतो. माती भरताना काठाखाली दोन बोटे जागा सोडावी. वरून वाळका पाला किंवा शेंगांची टरफले पसरली की ओल टिकते.

पाण्याचा हिशेब

घरातले पाणी आधी माणसांचे, मग झाडांचे. पण तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी मोरीत न सोडता बादलीत जमवले तर दोन-तीन कुंड्या त्यावरच जगतात. साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये. पाणी सकाळी लवकर द्यावे. त्याआधी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

एक जुना उपाय फार गुणाचा आहे. मोठ्या कुंडीच्या मध्यभागी साधे कच्च्या रंगाचे, चकाकी नसलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकणी ठेवावी. माती सुकली की मडक्यातून पाणी झिरपते, ओली असली की झिरपणे मंदावते. सभोवती लावलेल्या रोपांना मुळाशी पाणी मिळते, उन्हाने उडून जाणारे पाणी वाचते.

त्या भागात अनेक ठिकाणी जमिनीतले पाणी खारे असते. मातीवर पांढरा थर दिसू लागला तर तो खरवडून टाकावा आणि पावसाचे पाणी मिळेल तेव्हा तळातून वाहीपर्यंत घालावे. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी कुंडीत ओतू नये. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते पाणी नळापेक्षा अधिक खारे झालेले असते.

काय लावावे

पहिल्या कुंडीत मेथी. स्वयंपाकघरातील डब्यातलेच दाणे रात्री भिजवून पेरावेत. तीन-चार आठवड्यांत भाजी हाताशी येते. दुसरीत कोथिंबीर. धने हलके रगडून दोन फाकी करावेत आणि मगच पेरावेत. तिसरीत मिरचीची दोन रोपे. हे जमले की पालक आणि मुळा लावावा. मार्चमध्ये पालेभाजी संपत आली की गवार, चवळी घ्यावी. ती ऊन अधिक सोसतात.

आणि पावसाळ्यात मटकी विसरू नका. आपल्या उसळीची मटकी या कोरड्या मुलखातलेच पीक आहे. देशात सर्वाधिक मटकी राजस्थानातच पिकते. जुलैच्या पहिल्या पावसावर उथळ, पसरट भांड्यात पेरली तर तिचे वेल माती झाकतात आणि ओल धरतात.

जोधपूरला १९५९ पासून केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्था कोरड्या मुलखातील शेतीचा अभ्यास करीत आहे. तिकडे राहणाऱ्यांनी स्थानिक वाणांची चौकशी तेथे जरूर करावी. शेजारच्या मारवाडी आजीबाईंनाही विचारावे. थेंबाथेंबाचा हिशेब त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

भाजीचा सगळा खर्च तीन कुंड्यांतून निघणार नाही. पण बाजारात मेथी सुकलेली मिळते त्या दिवशी घरची मूठभर पाने डाळीत पडतात, हे कमी नव्हे. एक कुंडी मुलांच्या नावाने करा, बोटाने ओल पाहायचे काम त्यांना द्या. पुढे बदली झाली की कुंड्या शेजारच्या बिऱ्हाडाला देऊन टाका, आणि मिरचीचे बी मात्र पुडीत बांधून सोबत न्या.