संत ठरवतं तरी कोण?

नागपूरच्या सदर भागात दोन कॅथेड्रलं आहेत. एकाचं नाव संत फ्रान्सिस डी सेल्स. नागपूरकरांच्या तोंडी ते ‘एसएफएस’. दुसऱ्याचं नाव ऑल सेंट्स, म्हणजे सर्व संत. एकाने एकच संत निवडला आणि दुसऱ्याने सगळेच घेऊन टाकले!

आता मला सांगा, हे संत ठरवतं कोण? ज्ञानोबा-तुकोबांसाठी काही समिती बसली नव्हती. लोक संत म्हणू लागले, झालं. ख्रिस्ती लोकांचं मात्र या बाबतीत आपसातच एकमत नाही.

आधी एसएफएसवाल्यांचं, म्हणजे कॅथलिकांचं बघू. त्यांच्याकडे चक्क चौकशी होते. माणूस गेल्यावर सहसा निदान पाच वर्षांनी फाइल उघडते. त्याची पत्रं वाचतात, साक्षी घेतात. मग चमत्कार शोधतात. त्या माणसाला साकडं घातल्यावर कुणी आजारी बरा झाला का? इथे डॉक्टरांना बोलावतात आणि एवढंच विचारतात, की आजच्या वैद्यकशास्त्राला हे बरं होणं उलगडतं का? ‘चमत्कार’ हा शब्द डॉक्टर उच्चारत नाहीत. तो निर्णय चर्चचा. (आणि आज उलगडलं नाही ते उद्याही उलगडणार नाही, असं काही विज्ञान म्हणत नाही, बरं का!) पूर्वी तर प्रत्येक प्रकरणात शंका काढायला एक खास अधिकारी असायचा. लोक त्याला म्हणायचे ‘सैतानाचा वकील’! १९८३ मध्ये नियम बदलले आणि त्याचं ते काम गेलं.

या सगळ्याला वेळ किती लागतो? फ्रान्सिस डी सेल्स १६२२ मध्ये वारले आणि १६६५ मध्ये संत झाले. ते लेखक-पत्रकारांचे संत, म्हणजे माझा वशिला तिथेच लागायचा. आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली क्रुसावर मारलं. त्यांना संतपद मिळालं १८६२ मध्ये. मोजा पाहू, २६५ वर्षं!

कॅथलिक संतांची पूजा करत नाहीत, ‘आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा’ अशी विनंती करतात. प्रोटेस्टंट विचारतात, देवाशी थेट बोलता येतं, तर मध्ये कुणी कशाला? शिवाय संत पौलाने आपल्या पत्रांत मंडळीतल्या साध्यासुध्या, जिवंत माणसांनाच ‘पवित्र जन’ म्हटलंय. मग प्रत्येक विश्वासी माणूस संतच की! मला हे उत्तर आवडतं, पण मग वर्गातल्या खोडकर पोरांचं काय करायचं?

ऑल सेंट्सची मुळं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली. हे लोक मधल्या वाटेने जातात. चमत्कार मोजत नाहीत, पण आठवणीचे दिवस पाळतात. इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिलला कुणाचं नाव आहे माहितीये? आपल्या पंडिता रमाबाईंचं!

केरळमधल्या ऑर्थोडॉक्स मंडळींची रीत आणखी वेगळी. आधी लोकांची श्रद्धा, मग बिशपांची मान्यता. परुमलाच्या मार ग्रेगोरिओस यांना १९४७ मध्ये अशीच मान्यता मिळाली. हे थोडं आपल्या ज्ञानोबा-तुकोबांसारखं झालं, नाही का?

गंमत म्हणजे, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशी सहा वेगवेगळी चर्चेस २९ नोव्हेंबर १९७० ला एकत्र आली ती नागपुरातच. त्या चर्चचं नाव चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. संतांबद्दल सगळ्यांचं एकच मत हवं, असा हट्ट कुणी धरला असता तर ही मोट बांधणं कठीण होतं.

आणि नागपूरचं हिस्लॉप कॉलेज? त्याच्या नावात ‘संत’ नाही. ते ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन मिशनरी. १८४५ मध्ये नागपूरला आले, शाळा काढली आणि फावल्या वेळात इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा करत हिंडले. त्यांच्या पंथात कुणाला संत करण्यासाठी फाइल उघडतच नाहीत. भूशास्त्रज्ञांनी मात्र नागपूरजवळच्या एका हिरव्या खनिजाला त्यांचं नाव दिलं, हिस्लोपाइट. त्यासाठी चमत्कार लागला नाही, दगड तपासला तेवढं पुरलं.