शैक्षणिक कर्जाची बाकी फुगते कुठे?

शिरड शहापूरच्या हळद पिकवणाऱ्या घरातला मुलगा इंजिनिअरिंगला जातो, वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यामुळे सातबारा मोकळा राहतो आणि घरात कर्जाचा विषय पाच वर्षांसाठी मिटतो. बाकी मात्र याच पाच वर्षांत वाढू लागते.

दरवर्षी एक लाख उचलले आणि व्याज १० टक्के आहे, असे धरू. शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र पैसे कॉलेजला पोचल्या दिवसापासून चालू. या काळात ते सरळव्याज असते. पहिल्या लाखावर ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,००० आणि २०,०००. हे १,४०,००० मुदत संपताच मुद्दलात जातात. चार लाखांचे ५,४०,००० झाले आणि इथून पुढे व्याजावरही व्याज.

ही वाढ टाळता येते. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था निकषांत बसत असतील, तर २००९ पासूनच्या केंद्राच्या योजनेत या काळाचे व्याज सरकार भरते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेळेत शाखेत द्यावा आणि अर्ज पुढे गेला का, हे विचारत राहावे. योजनेत न बसणाऱ्यांनी हळदीची पट्टी आली की त्या वर्षाचे व्याज भरून टाकावे.

यातले काही झाले नाही, तर ५,४०,००० वर दहा वर्षांचा हप्ता बसतो सुमारे ७,१४०. त्यातले ४,५०० पहिल्या महिन्यात व्याजातच जातात. नोकरी लागली नाही, वर्षभर हप्ता गेला नाही, तर बाकी ५,९६,५०० च्या घरात जाते. लोक दंडाला घाबरतात. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२४ पासून दंड व्याजदरात मिळवता येत नाही आणि दंडाच्या रकमेवर व्याजही चढत नाही. बाकी फुगते ती नेहमीच्या व्याजाने.

नव्वद दिवस थकल्यावर खाते एनपीए होते. मग बँक न आलेले व्याज आपल्या उत्पन्नात धरत नाही, त्यामुळे उताऱ्यावरचा आकडा कधी कधी थांबल्यासारखा दिसतो. देणे थांबलेले नसते. मिटवायला गेल्यावर मधले सगळे व्याज समोर येते. तोवर सहकर्जदार वडिलांचाही सिबिल बिघडलेला असतो आणि त्यांना पीककर्ज मागतानाही अडचण येऊ शकते.

मग पुनर्रचना. थकलेले व्याज पुन्हा मुद्दलात घालून पंधरा वर्षांची मुदत दिली, तर हप्ता ६,४१० वर येतो. महिन्याला सातशे वाचले म्हणून घर सुटकेचा श्वास टाकते. पण जुन्या हिशेबाने एकूण ८,५६,००० भरायचे होते, आता साडेअकरा लाख. पुनर्रचना घ्यावीच लागत असेल, तर सहीआधी थकीत व्याजातले जमेल तेवढे भरावे: त्या दिवशी भरलेले ३०,००० पंधरा वर्षांतले सुमारे ५८,००० वाचवतात.