जुन्या मोटारीतील दोन तेले

जुन्या चोपड्या, पितळी तराजू आणि आजोबांची मोटार या वस्तू व्यापारी कुटुंबे सहसा विकत नाहीत. १८८६ मध्ये खुल्या झालेल्या पुण्याच्या मंडईभोवतीच्या पेठांतही अशी घरे आहेत. तेथील एका परिचित कुटुंबाने मात्र आपली डी सोटो भंगारात काढण्याचे ठरविले होते. गाडी दुसरा गिअर घेत नव्हती आणि गिअरबॉक्स गेला, असे निदान झाले होते. प्रत्यक्षात दोष तेलाचा निघाला. अशा गाड्या बाळगणाऱ्या वाचकांना उपयोग व्हावा, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

या गाड्यांचा आपल्या समाजाशी निकटचा संबंध आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीच्या सहकार्याने १९४७ पासून मुंबईत कुर्ला येथे डॉज, डी सोटो व प्लिमथ गाड्यांची जुळणी सुरू झाली. क्रायसलरच्या त्या काळातील काही गाड्यांत अर्धस्वयंचलित गिअरबॉक्स असे. सर्वच गाड्यांत तो नसल्याने आपली गाडी कोणती, हे प्रथम पुस्तिकेवरून निश्चित करावे.

या यंत्रणेत क्लचचे पेडल असते. परंतु ते प्रामुख्याने गाडी सुरू करताना, मागे घेताना आणि लिव्हरची जागा बदलताना लागते. इंजिन व क्लच यांच्यामध्ये फ्लुइड कपलिंग असते. समोरासमोर ठेवलेल्या दोन वाडग्यांना आतून पाती बसविलेली असतात. इंजिनाकडील वाडगा फिरला की त्यातील तेल दुसऱ्या वाडग्यास फिरविते. त्यामुळे गिअरमध्ये असतानाही गाडी इंजिन बंद न पडता थांबू शकते. वरच्या टप्प्यात ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेग आल्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गिअरबॉक्समधील तेलाच्या दाबाने पुढचा गिअर पडतो.

येथे दोन स्वतंत्र तेले आहेत, हे ध्यानात ठेवावे. युद्धोत्तर काळातील या गिअरबॉक्समध्ये एसएई १० डब्ल्यू हे पातळ इंजिन ऑइल लागते. जाड गिअर ऑइल भरल्यास दाबावर चालणारे भाग मंदावतात. कपलिंगमध्ये मात्र इंजिन ऑइल चालत नाही. मूळ तेल आता सहज मिळत नसल्याने जाणकार फेस न होणारे आयएसओ ३२ दर्जाचे हायड्रॉलिक ऑइल वापरतात. १९५१ नंतरच्या काही क्रायसलर गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचेच तेल वापरतो. त्यांचा हिशेब वेगळा.

गिअरबॉक्सचे तेल बदलताना गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे. सपाट जागी गाडी भक्कम आधारांवर घेऊन इंजिन बंद करावे. आधी बाजूचा भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री करावी, मगच खालचा उघडावा. नवे तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच घालावे.

कपलिंगची तपासणी इंजिन थंड असताना करावी. पायाखालची मॅट उचलून झाकण काढावे व कपलिंगचा प्लग छिद्रासमोर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवावे. प्लग बेल हाउसिंगमध्ये पडू नये म्हणून भोवती फडके खोचावे. येथेही तेल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच हवे; तापल्यावर फुगण्यास जागा लागते. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर केवळ भर घालून भागत नाही, सील तपासावे. निघालेले तेल गटारात न ओतता अधिकृत संकलकाकडे द्यावे. त्याने पाणी व जीवजंतू दोहोंची हानी होते.

उपरोक्त डी सोटोच्या गिअरबॉक्समध्ये कोणी जाड गिअर ऑइल भरले होते आणि तेही कमीच होते. ते काढून योग्य तेल योग्य पातळीपर्यंत भरल्यावर गाडी पुन्हा गिअर घेऊ लागली. प्रत्येक गाडीत दोष इतका साधा असेलच असे नाही. विजेच्या तारा, सोलेनॉइड व गव्हर्नर यांतही बिघाड असू शकतो. तथापि सर्वांत कमी खर्चाची तपासणी सर्वांत आधी करावी. घसारा आकारून हिशेबी किंमत शून्य झालेली गाडी घरातील तीन पिढ्यांनी वापरलेली असते. तिचा सौदा करण्यापूर्वी निदान दोन्ही तेले पाहून घ्यावीत.